सीटीसीएसएस टोन स्क्वेल्चचं किट घरी बांधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या व्हीएचएफ-यूएचएफ रेडिओ सेटांना टोन स्क्वेल्च (म्हणजेच सीटीसीएसएस) बसवू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. किट चालत नाही अशी तक्रार आली, तर दोष बहुतेक वेळा किटात नसतो. तार सेटमध्ये चुकीच्या ठिकाणी जोडलेली असते. घाई असेल तर आधी प्रश्न ११ आणि १२ वाचा.

१. टोन स्क्वेल्च म्हणजे नेमकं काय?

स्क्वेल्च म्हणजे सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय. टोन स्क्वेल्चमध्ये तो उघडतो बोलण्याबरोबर सतत पाठवलेल्या एका बारीक, खालच्या पट्टीतल्या सुराने. नेहमीच्या यादीतले सूर ६७.० ते २५०.३ हर्ट्झपर्यंतचे आहेत, आणि रेडिओवरचं बोलणं साधारण ३०० हर्ट्झच्या वर असतं. त्यामुळे दोन्ही एकाच लहरीवर एकमेकांना धक्का न लावता जातात. समोरचा सेट ठरलेला सूर ओळखल्याशिवाय स्पीकर उघडत नाही. मोटोरोलाच्या सेटांत यालाच पीएल म्हणतात, जीईच्या जुन्या सेटांत चॅनल गार्ड. नावं वेगळी असली तरी आतली गोष्ट एकच.

२. टोन लावला की आमचं बोलणं बाकीच्यांना ऐकू जाणार नाही ना?

जाणार. ज्याने आपल्या सेटवरचा टोन बंद ठेवलाय त्याला सगळं ऐकू येतं. टोनमुळे फक्त *तुमचा* स्पीकर नको त्या आवाजाला बंद राहतो. उलट एक तोटाही आहे. चॅनलवर दुसरं कुणी बोलत असेल तर तुम्हाला ते कळत नाही आणि तुम्ही त्याच्यावरच पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबता. म्हणून पीटीटीआधी टोन क्षणभर काढून ऐकायचं बटण किटला जरूर ठेवा. डिकोडरची (टोन ओळखणाऱ्या भागाची) म्यूट लाइन सोडवणारा साधा पुश-स्विच त्याला पुरतो.

३. माझ्या हातातल्या सेटच्या मेनूत सीटीसीएसएस आहेच. मग किट कशाला?

तुम्हाला नको. किट आहे ते क्रिस्टलवर चालणाऱ्या जुन्या मोबाइल सेटांसाठी, लिलावातून आलेल्या व्यावसायिक सेटांसाठी आणि घरी बांधलेल्या ट्रान्सीव्हरसाठी.

४. यासाठी परवाना लागतो का?

किट टेबलावर बांधायला लागत नाही, त्यातून प्रक्षेपण करायला लागतो. भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो आणि त्यावर २ मीटरचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरता येतो. परवान्याशिवाय वापरता येणारा मान्यताप्राप्त वॉकीटॉकी उघडून त्यात किट बसवू नका. आतून बदललेला सेट हा मान्यता मिळालेला सेट राहत नाही.

५. आमच्या ग्रुपसाठी कोणता टोन निवडू? १००.० लक्षात ठेवायला सोपा वाटतो.

नेमका तोच टाळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर पॉवर सप्लायचा हम १०० हर्ट्झवर येतो, आणि ५० हर्ट्झची पुढची पिलावळ १५०, २००, २५० वर. कुणाच्या घरचा सप्लाय थोडा गुणगुणला की १००.० चा डिकोडर उघडायला बघतो. १५१.४ आणि २५०.३ सुद्धा याच कारणासाठी नकोत.

अगदी खालचे टोन ओळखायला वेळ लागतो, वरचे टोन स्पीकरमध्ये घुमतात (प्रश्न १५). सगळं बघता ८८.५ ते १३१.८ या टापूतला, १०० सोडून, कोणताही टोन चांगला. पुढची सगळी उदाहरणं ८८.५ ची आहेत.

रिपीटरचा (ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या स्टेशनचा) टोन मात्र तुम्ही निवडत नाही. चालवणाऱ्याने ठरवला असेल तोच लावायचा, मग तो १००.० का असेना.

६. मित्र म्हणतो ‘कोड ८ लाव’. हा कोड ८ म्हणजे किती हर्ट्झ?

बऱ्याच सेटांत ८ म्हणजे ८८.५ आणि १२ म्हणजे १००.०, पण प्रत्येक कंपनीची क्रमवारी सारखी नसते. ६९.३ सारखा एखादा जादा टोन मधे घातला की पुढचे सगळे आकडे सरकतात. कोड न विचारता हर्ट्झ विचारा.

७. किटसाठी सामान काय काय लागेल?

एन्कोडर (टोन तयार करणारा भाग) आणि डिकोडर एकाच प्रोसेसरवर बसतात, कारण साध्या सेटवर बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी होत नाही.

- एटीमेगा३२८पी, २८ पिनचा, सॉकेटसह : १
- १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टल १, २२ पिकोफॅरड सिरॅमिक २
- एमसीपी६००४ (चार ऑप-अँप) १, एमसीपी६००२ (दोन ऑप-अँप) १
- ७८एल०५ रेग्युलेटर १, १एन४००७ डायोड १
- बीसी५४७ ट्रान्झिस्टर २ (एक पीटीटीला, एक म्यूटला)
- ४७ नॅनोफॅरड पॉलिस्टर ८, २२ नॅनोफॅरड पॉलिस्टर २
- १ मायक्रोफॅरड ४, १० मायक्रोफॅरड ३, १०० नॅनोफॅरड ६, १ नॅनोफॅरड ६
- १२ किलोओहम, १ टक्का, १० नग, १० किलोओहम १० नग, १.५ किलोओहम २; ४.७ किलोओहम ४. १०० किलोओहम २
- ४७ किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट : १

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे हे सगळं एका फेरीत मिळतं. ४७ नॅनोफॅरडचे कपॅसिटर पॉलिस्टरच घ्या. तेवढ्याच नॅनोफॅरडच्या सिरॅमिक चकत्या उन्हात तापलेल्या गाडीत आपलं मूल्य बदलतात आणि फिल्टर सरकतो.

क्रिस्टलऐवजी प्रोसेसरच्या आतलं घड्याळ वापरायचा मोह होतो. ते कारखान्यातून १० टक्क्यांपर्यंत चुकीचं असू शकतं, आणि शेजारच्या दोन टोनमधलं अंतरच साधारण साडेतीन टक्के आहे. तयार बोर्डांवर क्रिस्टलच्या जागी कित्येकदा सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची चूक अर्ध्या टक्क्याच्या घरात असते, म्हणजे टोनला मिळणारी सगळी सूट तोच खाऊन टाकतो. क्रिस्टलच हवा.

८. एलएम५६७ ची आयसी स्वस्त आहे. तिच्यावरच का नको?

गणित करून बघा. तिची वारंवारता १ ÷ (१.१ × रेझिस्टर × कपॅसिटर). ९.०९ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले की बरोबर १०० हर्ट्झ येतात. इथवर ठीक आहे. पण शेजारचा टोन वगळायचा तर ओळखीचा पट्टा ३ टक्क्यांच्या आसपास हवा, आणि ०.१ व्होल्टच्या सिग्नलला त्यासाठी पिन २ वर जवळपास १३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तो भरेपर्यंत समोरच्याचं वाक्य अर्धं झालेलं असतं. शिवाय सिग्नल कमी-जास्त झाला की पट्टाही रुंद-अरुंद होतो.

दुसरी अडचण जास्त छळते. ही आयसी ठरलेल्या सुराच्या पाचपट वारंवारतेलाही उघडते. १०० हर्ट्झला लावलेली एलएम५६७ माणसाच्या आवाजातल्या ५०० हर्ट्झला फसते. आधी चांगला लो-पास (वरचे सूर गाळणारा फिल्टर) लावून हे आवरता येतं, पण मग स्वस्तपणा कुठे राहिला? टेबलावर टोन ओळखायची गंमत म्हणून ती छान आहे.

९. प्रोसेसरमधून शुद्ध साइन वेव्ह कशी काढायची?

२५६ आकड्यांचा साइनचा तक्ता आणि ३२ बिटांचा संचायक (बेरीज साठवत जाणारा आकडा). टायमर १ दर २००० घड्याळ-ठोक्यांनी म्हणजे सेकंदाला ८००० वेळा इंटरप्ट देतो (मर्यादा १९९९ लिहायची, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते). प्रत्येक वेळी संचायकात ठरलेली पायरी मिळवायची आणि वरचे ८ बिट तक्त्याचा पत्ता म्हणून वापरायचे. पायरी = टोन × ५३६८७०.९१२, ८८.५ साठी ४७५१३०७६. तक्त्यातला आकडा टायमर २ च्या ६२.५ किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएममध्ये (स्पंदांच्या रुंदीने पातळी ठरवणाऱ्या आउटपुटमध्ये) टाकायचा.

पुढे ४.७ किलोओहम आणि २२ नॅनोफॅरड अशा दोन पायऱ्यांचा आरसी फिल्टर, मग प्रीसेट. इथे ‘अजून स्वच्छ’ म्हणून १०० नॅनोफॅरड लावू नका. मग फिल्टर टोनलाच कापू लागतो, आणि २१०.७ वर लावलेली पातळी ८८.५ वर दीडपटीहून जास्त होते. प्रश्न १३ मधली युक्ती त्यामुळे वाया जाते.

१०. डिकोडरचं गणित कसं करायचं? माझा कोड कधी टोन ओळखतो, कधी मख्ख बसतो.

आधी अॅनालॉग भाग. डिस्क्रिमिनेटरकडून (सेटमध्ये एफएम लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून) आलेला सिग्नल एमसीपी६००२ च्या एका ऑप-अँपमधून बफर करा. दुसरा ऑप-अँप अडीच व्होल्टचा मध्यबिंदू पक्का धरून ठेवतो. त्यानंतर एमसीपी६००४ च्या दोन ऑप-अँपवर चौथ्या घाताचा सॅलन-की लो-पास : सगळे रेझिस्टर १२ किलोओहम, सगळे कपॅसिटर ४७ नॅनोफॅरड, म्हणजे काप (जिथून सूर दाबले जाऊ लागतात ती वारंवारता) २८२ हर्ट्झला. पहिल्या टप्प्याचा गेन १.१५ (१.५ आणि १० किलोओहम), दुसऱ्याचा २.२ (१२ आणि १० किलोओहम). उरलेले दोन ऑप-अँप हाय-पाससाठी (खालचे सूर गाळणारा फिल्टर, प्रश्न १५).

सेकंदाला २००० नमुने घ्या, म्हणजे टायमरच्या दर चौथ्या इंटरप्टला एक. १००० वर भागवू नका. ७५० हर्ट्झचा आवाज दुमडून २५० वर येतो आणि टोनसारखा दिसतो. ५०० नमुन्यांचा एक गट धरला की गट पाव सेकंदाचा आणि पट्टा ४ हर्ट्झचा होतो. त्यावर गोअर्टझेलची रीत (एकाच वारंवारतेची ताकद मोजणारं गणित) चालवायची. तिचा गुणक २ × कोसाइन(२ × पाय × टोन ÷ २०००), ८८.५ साठी १.९२३२.

निकाल लावताना टोनची ताकद नुसती बघू नका, एकूण ताकदीशी तिचं *प्रमाण* बघा : २ × टोनची ताकद ÷ (५०० × नमुन्यांच्या वर्गांची बेरीज). शुद्ध टोनला हे १ येतं, नुसत्या खरखरीला शून्याजवळ. ०.४ च्या वर गेलं की उघडा. एकदा उघडल्यावर सलग दोन गट ०.२५ च्या खाली गेले तरच बंद करा. कमकुवत सिग्नलवर प्रमाण आपोआप घसरतं, म्हणून उघडायची आणि मिटायची पातळी वेगळी.

‘कधी मख्ख’ याची दोन कारणं सतत भेटतात. एक, नमुन्यातून मध्यबिंदूचे ५१२ वजा केलेले नसतात. मग वर्गांची बेरीज फुगते आणि प्रमाण कधीच वर येत नाही. दोन, ३२ बिटांचं पूर्णांक गणित ओसंडतं. नमुन्यांच्या आकड्यांत शंभरपर्यंत वर-खाली जाणारा टोन ५०० नमुन्यांनंतर आतला आकडा ९१ हजारांच्या घरात नेतो. त्याला १४ बिटांनी वाढवलेल्या गुणकाने (३१५१०) गुणलं की उत्तर २८० कोटींच्या वर जातं आणि मर्यादा आहे सुमारे २१४ कोटींची. गंमत म्हणजे टोन कमजोर असतो तेव्हा कोड चालतो, जोरदार आला की बिघडतो. फ्लोट वापरा. एकाच टोनचं फ्लोट गणित हा प्रोसेसर दोन नमुन्यांच्या मधल्या ५०० मायक्रोसेकंदांत आरामात उरकतो.

६७.० आणि ६९.३ यांच्यात फक्त २.३ हर्ट्झचं अंतर आहे. एकाचं प्रमाण दुसऱ्यावर जवळपास ०.२९ येतं. ही जोडी एकाच भागात वापरू नका, नाहीतर गट ४०० मिलिसेकंदांवर न्या.

११. डिकोडरला सिग्नल स्पीकरच्या तारेवरून दिला तर चालेल?

नाही, आणि सर्वात जास्त किट इथेच ‘नापास’ होतात. स्पीकरपर्यंत पोचणाऱ्या आवाजातून सेटने टोन आधीच गाळलेला असतो. शिवाय स्क्वेल्च मिटला की तिथे काहीच नसतं.

सिग्नल घ्यायचा डिस्क्रिमिनेटरच्या बाहेर पडल्या पडल्या, डीएम्फसिसच्या (वरचे सूर उतरवणाऱ्या भागाच्या) आणि आवाजाच्या मुठीच्या आधी. सेटमध्ये एमसी३३६१ किंवा एमसी३३५७ असेल तर पिन ९. तिथून १० किलोओहम, मग जमिनीला १ नॅनोफॅरड (उरलेले ४५५ किलोहर्ट्झ घालवायला), मग १ मायक्रोफॅरडमधून बफरकडे.

जागा बरोबर आहे का हे तपासायला मीटरही नको. हेडफोनचा छोटा अँप्लिफायर तिथे लावा. अँटेना काढा. आवाजाची मूठ शून्यावर न्या, स्क्वेल्च पूर्ण आवळा. खरखर तशीच जोरात येत राहिली तर जागा बरोबर. मूठ फिरवल्यावर आवाज बदलला तर तुम्ही एक-दोन टप्पे पुढे आहात.

कपॅसिटरचा हिशेबही इथेच चुकतो. १० किलोओहमच्या पुढे ०.१ मायक्रोफॅरड लावला तर काप १५९ हर्ट्झला येतो आणि ८८.५ अर्ध्यावर येतो. १ मायक्रोफॅरडने तो १६ हर्ट्झवर जातो.

१२. टोन माइकच्या तारेत मिसळला तर? सगळ्यात सोपं तेच आहे.

सोपं आहे, चालत नाही. माइक अँप्लिफायर खालचे सूर कापतो, प्रीएम्फसिस (वरचे सूर चढवणारा भाग) त्यांना आणखी दाबतो, आणि शेवटी लिमिटर (ठराविक उंचीवर आवाज कापणारा भाग) बोलण्याबरोबर टोनही चिरडतो. तुम्ही गप्प असताना रिपीटर उघडा राहतो आणि बोलायला लागलात की बंद होतो. हे लक्षण दिसलं तर दुसरं काही शोधत बसू नका.

टोन लिमिटर आणि त्यानंतरच्या फिल्टरच्या पुढे, थेट मॉड्युलेटरच्या व्हॅरेक्टरकडे (व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स बदलणाऱ्या डायोडकडे) द्यायचा. प्रीसेटच्या मधल्या पायातून १ मायक्रोफॅरड, मग १०० किलोओहम. हा मोठा रेझिस्टर बोलण्याच्या वाटेवर भार पडू देत नाही.

दोन प्रकारचे सेट त्रास देतात. पीएलएल (वारंवारता संदर्भ क्रिस्टलशी जुळवून धरणारी मांडणी) असलेल्या सेटात व्हीसीओला (व्होल्टेजने वारंवारता बदलणाऱ्या ऑसिलेटरला) दिलेला मंद सूर पीएलएल स्वतःच ‘चूक’ समजून दुरुस्त करतो. तिथे टोन संदर्भ क्रिस्टलच्या व्हॅरेक्टरलाही द्यावा लागतो. आणि जुन्या फेज मॉड्युलेशनच्या सेटात ८८.५ हर्ट्झवर ५०० हर्ट्झ डेव्हिएशन (लहर मधल्या वारंवारतेपासून जितकी सरकते ते अंतर) हवं तर फेज ५.६५ रेडियन हलावी लागते. पुढे बारापट गुणन असेल तर मॉड्युलेटरवर ०.४७ रेडियन पुरतात, हे जमतं. गुणन कमी असेल तर सूर वेडावाकडा होतो. अशा सेटात वरचा टोन निवडा, किंवा क्रिस्टलला व्हॅरेक्टर जोडून खरं एफएम करा.

१३. टोनचं डेव्हिएशन किती ठेवायचं? माझ्याकडे डेव्हिएशन मीटर नाही.

५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या सेटला ५०० ते ७५० हर्ट्झ, २.५ किलोहर्ट्झच्या अरुंद सेटला साधारण ३५० हर्ट्झ.

मीटरशिवाय मोजायची जुनी युक्ती आहे. एफएममध्ये डेव्हिएशन सुराच्या २.४०५ पट झालं की मधला कॅरिअर नाहीसा होतो. त्यामुळे तात्पुरता टोन २१०.७ करा. सेटला डमी लोड लावा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला अँटेनाशिवाय आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) ठेवा आणि त्याच्या वारंवारतेच्या चित्रात एका बिनची (एका कप्प्याची) रुंदी २० हर्ट्झच्या खाली आणा (४८ किलोहर्ट्झ पट्ट्याला ४०९६ बिन पुरतात). माइक बंद करा. प्रीसेट शून्यापासून हळूहळू वाढवत न्या : मधला उंच खांब खाली बसत जाईल, बाजूचे उठतील. मधला *पहिल्यांदा* गायब झाला की डेव्हिएशन ५०७ हर्ट्झ. अरुंद सेटसाठी हेच १४६.२ वर करा, तिथे ३५२ येतात. मग आपल्या टोनवर परत या. खऱ्या एफएम सेटात पातळी पाच-सहा टक्क्यांहून जास्त हलत नाही. फेज मॉड्युलेशनच्या सेटात ही युक्ती परतीच्या वाटेवर फसते, कारण तिथे डेव्हिएशन टोनबरोबर बदलतं.

१४. रिपीटर उघडतो, पण माझं पहिलं अक्षर नेहमी खाल्लं जातं.

डिकोडरला पाव सेकंद लागतोच, रिपीटरच्याही आणि समोरच्याच्याही. पीटीटी दाबून अर्धा सेकंद थांबा. किटने हे कमी करता येत नाही. गट लहान केला तर पट्टा रुंद होतो आणि शेजारचा टोन आत शिरतो.

१५. स्पीकरमध्ये मागे सतत ‘घूं’ येतं.

सेटमध्ये हाय-पास नाही किंवा कमकुवत आहे. उरलेल्या दोन ऑप-अँपवर प्रश्न १० मधलाच फिल्टर रेझिस्टर-कपॅसिटरची अदलाबदल करून बांधा. ८८.५ ला ४० डेसिबल दाबला जातो, म्हणजे ऐकूच येत नाही. २०३.५ ला मात्र फक्त साडेअकरा. टोन खालचा निवडा म्हणतात ते यासाठी.

फिल्टर असूनही घूं येत असेल तर डोंगलवर समोरच्याचं डेव्हिएशन बघा. बऱ्याचदा दोष त्याच्या प्रीसेटचा असतो.

१६. बोलणं संपल्यावर येणारा ‘फस्स’ आवाज कसा घालवू?

पीटीटी सुटल्यावर सेट आणखी १५० ते २०० मिलिसेकंद चालू ठेवायचा आणि त्या वेळात टोनची फेज उलटी करायची. त्यासाठी माइकचा पीटीटी प्रोसेसरकडे आणा आणि सेटचा पीटीटी बीसी५४७ ने ओढा. फेज १८० अंश उलटवायची तर संचायकात त्याच्या पूर्ण फेरीचा अर्धा आकडा मिळवला की झालं. काही सेटांना १२० अंश लागतात, तिथे एक तृतीयांश. समोरच्या गटात अर्धा टोन सुलटा आणि अर्धा उलटा पडला की बेरीज शून्याकडे जाते आणि खरखर सुरू व्हायच्या आत स्पीकर मिटतो. पण समोर प्रश्न १० मधलं ‘सलग दोन गट’ असेल तर एवढा वेळ पुरत नाही. तिथे आधी उघडा असताना प्रमाण एकदम ०.१ च्या खाली कोसळलं तर लगेच मिटवा, अशी वेगळी अट घाला.

१७. टेबलावर सगळं चालतं. सेटमध्ये बसवून पीटीटी दाबला की प्रोसेसर अडकतो.

आरएफ आत शिरतंय. किटमध्ये येणाऱ्या प्रत्येक तारेवर, अगदी पेटीच्या भोकापाशी, १ नॅनोफॅरड जमिनीला द्या. प्रत्येक आयसीच्या पायापाशी १०० नॅनोफॅरड हवेत, रीसेट पिनला १० किलोओहमचा पुल-अप हवा. किट पत्र्याच्या डबीत ठेवून डबी सेटच्या चासीला सोल्डर करा. लांब तारेपेक्षा दोन सेंटिमीटरची तार बरी. गाडीत असाल तर १एन४००७ मालिकेत लावायला विसरू नका.

१८. याच किटवर डीसीएस चालेल का?

नाही. डीसीएस ही टोनऐवजी अंकी कोडची पद्धत आहे. तो सेकंदाला १३४.४ बिट या गतीने २३ बिटांचा शब्द सतत फिरवत पाठवतो. त्यात एकाच पातळीवरचे लांब पट्टे येतात आणि वाटेतला प्रत्येक कपॅसिटर त्यांना झुकवतो. मॉड्युलेटरपासून डिस्क्रिमिनेटरपर्यंतची वाट जवळजवळ डीसीपर्यंत सरळ असावी लागते. ते वेगळं काम आहे.

१९. जवळून उत्तम, पण लांबच्या स्टेशनवर डिकोडर मधेमधे मिटतो. टोन बंद केला तर बोलणं समजतं.

कमकुवत सिग्नलवर खरखर वाढते आणि प्रमाण ०.२५ च्या खाली डोकावतं. मिटायची पातळी ०.१८ पर्यंत उतरवून बघा, उघडायची हलवू नका. चालत्या गाडीतून येणारा सिग्नल फडफडत असेल तर दोनऐवजी तीन गट थांबा. शेवटची खरखर थोडी लांबेल. एवढं करूनही मिटत असेल तर समोरच्या सेटचं टोन-डेव्हिएशन प्रश्न १३ प्रमाणे मोजा. ३०० हर्ट्झवर पाठवणारा रुंद सेट जवळून नेहमीच बरा वाटतो.